कोयत्याला पाणी देताना

दसरा जवळ आला की बीडकडच्या लोहारांना उसंत नसते. ऊसतोडीला निघायच्या आत कोयते तयार हवेत. (तोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात.) पोलाद बहुधा भंगारातल्या ट्रकच्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं. कडक व्हावं म्हणून लालबुंद पातं पाण्यात जातं (यालाच पाणी देणं म्हणतात), चर्र होतं आणि एखाद्या वेळी मागोमाग बारीकसं ‘टिंग’ ऐकू येतं. लोहार काही न बोलता तो कोयता बाजूला टाकतो. पात्यावर केसाएवढी रेघ उमटलेली असते.

तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यावर ती तडकते, तसंच हे असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण काच आकसल्यामुळे तडकते. पोलाद बहुतेक वेळा फुगल्यामुळे तडकतं.

पाट्याच्या पोलादात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो. 800 अंशांच्या वर तो लोखंडात विरघळून जातो. पातं सावकाश निवलं तर कार्बन बाहेर पडून वेगळा बसतो आणि पोलाद मऊ राहतं. झटक्यात निववलं तर त्याला निघायला सवडच मिळत नाही. तो अणूंच्या जाळीत अडकतो आणि जाळी ताणून धरतो. या कठीण, ठिसूळ रचनेला जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ती तयार होऊ लागते साधारण 300 अंशांच्या आसपास, म्हणजे लाली केव्हाच गेल्यावर, आणि तिला जागा सुमारे 4 टक्के जास्त लागते.

गोम इथेच आहे. बाहेरचा थर आधी निवतो, आधी फुगतो, कडक होतो. गाभा तेव्हा गरम आणि मऊ असल्याने ते सहन करतो. मग गाभ्याची पाळी येते, पण आता बाहेरचं कवच ताणायला तयार नसतं. भाकरीचा पापुद्रा वाळून कडक झाला आणि मग आतली वाफ जोर करू लागली, की भाकरी फुटते ना, तसंच. कोयत्याचं पातं पातळ, पण धार आणि पाठ यांच्या जाडीत फरक असतो, म्हणून धार पुढे धावते, पाठ मागे राहते. जाड कुऱ्हाडीत हे भांडण आणखी वाढतं.

पाणी त्यात भर घालतं. तापलेल्या पात्याभोवती आधी वाफेची गोधडी तयार होते. ती एकीकडे फाटते, दुसरीकडे टिकते, आणि एकाच पात्याचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी निवतात. म्हणून पातं धारेच्या रेषेत वर-खाली हलवायचं. आडवं फिरवलं तर एक अंग आधी गार होऊन ते वाकतं. पाट्याच्या पोलादाला मी तरी तेलच सुचवेन, साधारण 50-60 अंशांवर कोमट केलेलं. कोमट तेल पातळ होऊन पात्याभोवती नीट खेळतं, आणि मुख्य म्हणजे फुगण्याच्या टप्प्यात ते पाण्यापेक्षा बरंच सावकाश उष्णता ओढतं. तेल पेट घेऊ शकतं, झाकण जवळ असू द्या. पाणीच वापरायचं तर काही जुने कारागीर पातं पूर्ण निवायच्या आधीच बाहेर काढतात आणि उरलेलं काम तेलावर किंवा हवेवर सोडतात.

जास्त तापवणं हाही एक दोष. पोलादातले कण मोठे होतात आणि चिरेला वाट सोपी होते. जुन्या स्पीकरचं चुंबक जवळ ठेवावं: 770 अंशांच्या सुमारास लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याहून थोडंच वर पुरे. पात्यावरचे खोल ओरखडे आधीच घासून काढावेत, आतले कोपरे गोल करावेत. मालकाचं नाव ठोकायचं तर मुठीकडच्या, पाणी न दिलेल्या भागावर. अक्षराच्या खाचेतूनच चीर सुरू होते.

आणि पाणी दिल्यावर ‘उद्या बघू’ म्हणू नये. आतला ताण तसाच राहतो आणि रात्रीतून, कुणी हात न लावताही पातं तडकू शकतं. हाताला सोसवेल इतकं निवताच ते घासून पुन्हा हलकं तापवायचं. उजळ पोलादावर आधी सोनेरी रंग चढतो, साधारण 230 अंशांना, आणि 280 च्या सुमारास जांभळा. ऊस तोडताना कोयता कधी बुडख्याशी दगडावरही बसतो, म्हणून त्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावं, म्हणजे ठिसूळपणा कमी होतो.