संवादशैली, आंतरव्यक्तिक

समोरासमोरच्या बोलण्यात माणूस आशय तर सांगतोच. शिवाय तो आशय कसा घ्यावा, याची खूणही शब्दयोजना, स्वर, विराम आणि हावभाव यांतून देत असतो. ही खूण देण्याच्या, बऱ्याच अंशी ठरून गेलेल्या रीतीस संवादशैली म्हणतात. संवादाचे अभ्यासक रॉबर्ट नॉर्टन यांनी १९७८ मध्ये केलेली मांडणी याच धर्तीची आहे. वर्चस्व, नाट्यमयता, वादप्रियता, मोकळेपणा, अवधान, स्नेहभाव अशी नऊ अंगे त्यांनी मानली. एकाच व्यक्तीत ती कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदतात.

निष्क्रिय (आपले म्हणणे दाबून ठेवणारी), आक्रमक (ते दुसऱ्यावर लादणारी), निष्क्रिय-आक्रमक (विरोध आडवळणाने दाखवणारी) आणि ठाम (दुसऱ्याचा मान राखून आपले म्हणणे स्पष्ट सांगणारी) ही शैलींची चौपदरी वर्गवारी सर्वाधिक रूढ आहे. मात्र ती एका अभ्यासकाने एकाच वेळी मांडलेली नाही. ठाम शैलीचे मूळ सामान्यतः अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अँड्र्यू सॉल्टर यांच्या १९४९ मधील लेखनात शोधले जाते. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या उद्दीपन-निरोधन (मज्जासंस्थेतील चेतवणे व आवरणे) या कल्पनांच्या आधारे, भावना दाबून ठेवणाऱ्या रुग्णांना त्या उघड बोलण्याचा सराव द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘ठाम वर्तन’ ही संकल्पना स्थिरावली ती मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्यामुळे (१९५८). ठाम प्रतिसाद आणि चिंता एकाच वेळी टिकत नाहीत, हे त्यांचे सूत्र होते. सॉल्टर यांच्या दृष्टीने दबलेपणा हा एकूण व्यक्तिमत्त्वाचाच दोष. वोल्पे यांच्या मते तो विशिष्ट व्यक्ती वा प्रसंगांपुरता असतो. अधिकाऱ्यापुढे गप्प बसणारा माणूस घरात आक्रमक असू शकतो, हे पाहता वोल्पे यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. रॉबर्ट अल्बर्टी व मायकेल एमन्स यांनी १९७० मध्ये ठामपणाची सांगड स्वतःच्या व इतरांच्या हक्कांशी घातली. तेव्हापासून हा विषय चिकित्सालयाबाहेर प्रशिक्षणवर्गांत पोचला.

निष्क्रिय-आक्रमक ही संज्ञा लष्करातून आली. दुसऱ्या महायुद्धात उघड आज्ञाभंग न करता चालढकल, अडेलपणा व रुसवा यांनी काम टाळणाऱ्या सैनिकांचे वर्णन लष्करी मनोविकारतज्ज्ञ विल्यम मेनिंजर यांच्याशी निगडित १९४५ च्या अमेरिकी लष्करी पत्रकात आढळते. १९५२ मध्ये हा प्रकार मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात आला. १९९४ च्या आवृत्तीत तो परिशिष्टात गेला, म्हणजे अधिकृत निदानांत उरला नाही. म्हणून तो व्यक्तीवर शिक्का म्हणून न मारता वर्तनाचे वर्णन म्हणूनच वापरणे इष्ट.

कुटुंबचिकित्सक व्हर्जिनिया सॅटिर यांनी (१९७२) ताणाखाली दिसणारे चार पवित्रे सांगितले : मनधरणी, दोषारोप, कोरडा तर्क आणि विषयांतर. पाचवा, बोलणे व भाव यांचा मेळ असलेला प्रतिसाद त्यांनी निरोगी मानला.

मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये संस्कृतींचा भेद संदर्भावरील भिस्तीवरून केला : कुठे बरेचसे गृहीत धरून थोडके बोलतात, तर कुठे सारे शब्दांत मांडतात. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांच्या १९८४ मधील संभाषण-विश्लेषणात, दुसऱ्याचे वाक्य संपण्याआधीच बोलू लागणे काहींच्या लेखी आस्थेचे लक्षण ठरले, तर इतरांना तो व्यत्यय वाटला.