ईमेल सॉफ्टवेअरमधील फाइल-लॉक त्रुटी

‘फाइल वापरात आहे’ किंवा ‘प्रोग्रॅम आधीच चालू आहे’ असा संदेश देऊन ईमेल सॉफ्टवेअर मेल उघडायला नकार देते, ती ही त्रुटी. मेल साठवण्याच्या एमबॉक्स प्रकारात एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये एकापाठोपाठ साठवलेले असतात. दोन प्रोग्रॅम तिच्यात एकदम लिहू लागले तर मेल एकमेकांत मिसळतात, म्हणून लिहिणारा प्रोग्रॅम आधी फाइल लॉक करतो.

ऑपरेटिंग सिस्टिमचे लॉक प्रोग्रॅम बंद पडताच सुटते. खुणेची वेगळी फाइल करून लावलेले लॉक मात्र वीज गेल्यावरही मागे उरू शकते. त्यामुळे प्रोग्रॅम खरोखर बंद आहे का, हे आधी तपासावे. विंडो दिसत नाही एवढ्यावर विसंबू नये. विंडोजवर टास्क मॅनेजर पाहावा. नेमकी फाइल कोणी धरली आहे हे रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू टॅबमध्ये हँडल (प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइलची नोंद) शोधून कळते. लिनक्सवर त्यासाठी ‘एलएसओएफ’ कमांड आहे.

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमची लॉकची खूण त्याच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असते: विंडोजवर ‘पॅरेंट.लॉक’, लिनक्सवर ‘.पॅरेंटलॉक’ आणि ‘लॉक’. प्रोग्रॅमची प्रक्रिया संपवल्यावरच ही खूण काढावी. विंडोज ती डिलीट करू देत नसेल तर बहुधा प्रोग्रॅम अजून चालूच आहे. चालू प्रोग्रॅमचे लॉक जबरदस्तीने काढणे हा मेल गमावण्याचा हमखास मार्ग.

आउटलुकमध्ये मेल साठवणारी पीएसटी फाइल बहुतेकदा मागे अडकलेली आउटलुकची प्रक्रिया, एखादे अॅड-इन, बॅकअप किंवा क्लाउड सिंक धरून ठेवते. पीएसटी सिंक होणाऱ्या किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. आउटलुकचे दुरुस्तीचे साधन ‘स्कॅनपीएसटी’ बिघडलेली फाइल दुरुस्त करते, लॉक सोडवत नाही. अनेकजण उगाच तिथून सुरुवात करतात. अँटिव्हायरसमुळे अडचण येत असेल तर मेलचा फोल्डर स्कॅनमधून वगळावा.

मेलडिर प्रकारात प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल असल्याने हा प्रश्न जवळपास उरत नाही.

सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या पीओपी3 पद्धतीत लॉक सर्व्हरवर असते. 1996 च्या आरएफसी 1939 या पीओपी3 च्या मानकानुसार लॉगिन होताच मेलबॉक्स त्या एका सत्रासाठी लॉक होतो. जोडणी मध्येच तुटली तर सर्व्हरला ते लगेच कळत नाही. निष्क्रिय सत्र तोडण्याची मुदत ठेवायची तर ती किमान 10 मिनिटांची असावी लागते. लॉक असताना दुसऱ्या लॉगिनला मिळणारा नकार पासवर्ड पाठवल्यानंतर येत असल्याने काही प्रोग्रॅम पुन्हा पासवर्ड विचारतात. तो बदलू नये. थोडे थांबावे, आणि दोन उपकरणे दर मिनिटाला मेल तपासत असतील तर ते अंतर वाढवावे.