कोंबडीच्या खाद्यात अझोला आला कुठून?

सध्या धुळे-नंदुरबारकडे गावरान कोंबड्या पाळणारा जो तो अझोल्याचं, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या बारीक नेच्याचं, विचारतोय, म्हणून जरा मागून सांगतो. मका आपल्याकडे भरपूर, पण मक्यात प्रोटीन जेमतेम ८-९ टक्के आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतं १६-१८, सगळी ओढाताण तिथेच. बरं, खान्देशात सरकी पेंड ढिगाने मिळते पण ती गाई-म्हशींची, सरकीत गॉसिपॉल नावाचं नैसर्गिक विषारी द्रव्य असतं, कोंबडीला जास्त गेलं की साठवून ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो, असं अंडं कोण घेणार? शेंगदाणा पेंड चालायची, तर १९६० साली इंग्लंडमधे लाखभर टर्की पक्षी मेले आणि कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष जगाला कळलं ते त्यातूनच. पुढे माळव्यात सोयाबीन वाढलं आणि ४५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीनवाल्या सोयापेंडीने सगळी जागा घेतली.

एकाच पेंडीवर बसल्याचं दुखणं २०२१ मधे बाहेर आलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या पोल्ट्रीच्या नवापूरने फेब्रुवारी २००६ मधे देशातला पहिला बर्ड फ्लू सोसलेला, २०२१ ला तो परत आला, आणि त्याच वर्षी सोयापेंड दुपटीहून महाग झाली, इतकी की ऑगस्टमधे सरकारने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयातीला परवानगी दिली. लहान पोल्ट्रीवाल्याचं त्यात फार हाल झालं.

अझोला मुळात खाद्य नव्हताच. चीन-व्हिएतनाममधे तो शेकडो वर्षं भाताच्या खाचरात खत म्हणून वापरत, कारण त्याच्या पानात राहणारी अ‍ॅनाबिना ही सूक्ष्म निळी-हिरवी शेवाळ हवेतला नत्र धरते. कटकच्या भात संशोधन संस्थेनेही त्यावर काम केलं ते खतासाठीच. कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्रात डॉ. कमलासनन पिल्लै यांनी प्लास्टिक कागदाचा उथळ खड्डा, चाळलेली माती, शेणकाला, थोडं सुपर फॉस्फेट अशी स्वस्त पद्धत बसवली आणि तिथून तो गोठ्यात नि खुराड्यात पोचला. तिकडे बांगलादेशात मिर्झापूरला सांडपाण्यावर डकवीड ही दुसरी तरंगती पाणवनस्पती वाढवून माशांना घातली गेली, तेही याच धर्तीचं काम.

आता हिशोब बघा, कारण अझोल्याच्या व्हिडिओत हा कोणी सांगत नाही. ओला अझोला म्हणजे ९४ टक्के पाणीच, किलोत सुका माल ६० ग्रॅम, त्यात पाव हिस्सा प्रोटीन धरलं तर १५ ग्रॅम. किलोभर सोयापेंडीची बरोबरी करायला ३० किलो ओला अझोला पाहिजे, आणि कोंबडीचं पोट तेवढं नाही. म्हणून नवापूरच्या हजारो पक्ष्यांच्या शेडला हा पर्याय माझ्या मते नाहीच, पण घरामागच्या तीस-चाळीस गावरान कोंबड्यांना धुऊन रोज टाकला तर खाद्याचा थोडा खर्च नक्की वाचतो, बलकही छान पिवळा येतो. फक्त मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा वर शेडनेट नसेल तर खड्ड्यातला अझोला लाल पडून बसतो.