ईसीजी नॉर्मल, मग धडधड मनाचीच?

"ईसीजी नॉर्मल आहे, उगाच टेन्शन घेता." नौपाड्यातल्या आमच्या मावशीने हे सहा वर्षं ऐकलं. ठाणे स्टेशनच्या पुलावर एकाएकी छाती धडधडायची, कठडा धरून ती उभी राहायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. पिशवीत घडी घातलेले ईसीजीचे चार कागद, चारही चांगले.

चूक इथेच होते. साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांची नोंद घेतो. त्या क्षणी धडधड नसेल, तर कागदावर उमटणार कशी? बटण दाबल्यासारखी सुरू होणारी आणि तशीच थांबणारी, मिनिटाला 150 ते 220 ठोक्यांची धडधड केवळ मनाची म्हणून सोडून देऊ नये. बऱ्याचदा हृदयात विजेच्या संदेशाला एक जादा वाट असते आणि तो तिथेच गोल गोल फिरत राहतो. 24 तास किंवा जास्त होल्टर (सतत ईसीजी नोंदवणारं, अंगावर बाळगायचं छोटं यंत्र) लावून, नाहीतर धडधड चालू असतानाच ईसीजी काढून ते पकडता येतं. मावशीचं तसंच सापडलं.

ही जादा वाट बंद करायच्या उपचाराला ॲब्लेशन म्हणतात. त्यासाठी छाती उघडणार, हीसुद्धा अफवाच. जांघेतल्या शिरेतून बारीक कॅथेटर हृदयापर्यंत नेतात, नेमकी जागा शोधतात आणि काही मिलिमीटरचा भाग तापवून किंवा गोठवून निकामी करतात. मावशीच्या प्रकारात 100 पैकी साधारण 95 जणांना गुण येतो. क्वचित कुणाला पेसमेकर लागतो, ते डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात त्या प्रकारात, मात्र यश इतकं हमखास नाही, कधी पुन्हा करावं लागतं.

धडधडीबरोबर चक्कर, शुद्ध हरपणं किंवा छातीत दुखणं असेल, तर लगेच हॉस्पिटल गाठा.