कृपा व अशक्तपणा (ख्रिस्ती धर्मकल्पना)

माणसाचे स्वतःचे बळ सरते तेथे देवाची कृपा प्रत्ययास येते, ही ख्रिस्ती धारणा. तिचे मुख्य वचन बायबलच्या नव्या करारात, आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (12:7–10) आहे. पत्राचा काळ साधारणतः इ. स. 55–56 मानतात. 'शरीरातील काटा' दूर व्हावा म्हणून पौल तीनदा विनवणी करतो. प्रभूकडून उत्तर मिळते, 'माझी कृपा तुला पुरे आहे'.

काटा म्हणजे काय, यावर फार खल झाला आहे. मूळ शब्द 'स्कोलोप्स'. अभिजात ग्रीकमध्ये त्याचा अर्थ टोकदार खांब वा सूळ. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मात्र तो बोचणाऱ्या काट्यासाठी येतो. मराठी भाषांतरातील 'काटा' त्यामुळे सयुक्तिक ठरतो. प्राचीन ख्रिस्ती लेखकांपैकी तर्तुलियनने कान वा डोके दुखण्याची परंपरा नोंदवली, ख्रिसोस्तमने पौलाचे विरोधक सुचवले, तर आधुनिक अभ्यासक विल्यम रॅमसे यांनी हिवताप. गलतीकरांस पत्रातही (4:13) पौल आपल्या आजाराचा उल्लेख करतो, म्हणून शारीरिक व्याधीचे मत अधिक ग्राह्य दिसते. व्याधीचे नाव ठरवण्याचा खटाटोप मात्र निष्फळच आहे.

सीमाभागात हे वचन मराठी व कन्नड दोन्हींत वाचले जाते. कन्नडमध्ये 'पुरे'च्या जागी 'साकु' आहे. दोन्ही शब्द पंगतीतले: वाढपी पुढे आला की पानावर हात आडवा धरून म्हणायचे. त्यात तृप्तीही असते आणि 'आणखी नको'ही. पौलाला मिळालेल्या उत्तरातही हा दुहेरी भाव आहे. कृपा मिळते; काटा निघत नाही.

'कृपा' हा शब्द भक्तिपरंपरेत रुळलेला होताच. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात (1616) आरंभीच्या ओव्यांतच देवाला 'कृपानिधी' म्हटले आहे. कोंकणी कॅथलिकांच्या तोंडी त्याचे 'कुर्पा' झाले. 'नमान मारिये, कुर्पेन भरलेले' या प्रार्थनेत तो रोज येतो.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम 1820 मध्ये जोसेफ टेलर यांनी सुरू केले. पुढे ते अमेरिकन मेथडिस्टांकडे गेले. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 चा. प्रॉटेस्टंट परंपरेत या विषयाचा भर वचनावर व प्रवचनावर असतो. कॅथलिक परंपरेत आजाऱ्याच्या तैलाभ्यंगाचा संस्कारही आहे: धर्मगुरू कपाळाला व तळहातांना तेल लावून प्रार्थना करतात.