लंडनला जाताना दहा तास, येताना नऊच कसे?

माझा मावसभाऊ लंडनला असतो. गणपतीला दाभोळला घरी आला तेव्हा म्हणाला, येताना नऊ तास लागले, जाताना मात्र जवळपास दहा लागतात, तर मावशीने लगेच विचारलं, "वाट तीच ना रे, मग येताना काय उतार लागतो?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर मावशीच्या दारातल्या खाडीतच आहे. ओहोटीच्या वेळी होडी समुद्राकडे निघाली की भराभर जाते, तीच उलटी आत यायला लागली की इंजिनाचा आवाज तोच, धूर तेवढाच, पण काठावरचा माड काही केल्या मागे सरकत नाही. होडी पाण्यात त्याच वेगाने चालतेय, पण पाणीच उलट चाललंय ना. विमानाचंही तसंच, ते हवेतून ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जातं, पण ती हवा स्वतः वाहत असते.

साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, वेग कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. फेब्रुवारी 2020 मध्ये असाच जोरदार वारा पाठीशी घेऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 5 तासांच्या आत पोचलं, एरवी सात तास धरतात.

आता हिशोब बघा. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण 7,200 किलोमीटर. वारा नसेल तर 8 तास जायला, 8 यायला, एकूण 16. ताशी 100 चा वारा धरला तर जाताना वेग 800, म्हणजे 9 तास, येताना 1,000, म्हणजे 7 तास 12 मिनिटं. बेरीज 16 तास 12 मिनिटं! म्हणजे जाताना गेलेलं येताना पूर्ण परत मिळत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो. मला हे फार आवडतं. प्रत्यक्षात चढण्या-उतरण्याचा वेळ असतो, शिवाय फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश बंद असल्यामुळे वळसाही पडतो, म्हणून तास वाढतात.

काहींना वाटतं पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो. तसं नाही, हवा पृथ्वीबरोबरच फिरते, धावत्या एसटीत उडणारी माशी काय मागच्या काचेवर जाऊन आपटत नाही.

पण आपल्याकडे पावसाळ्यात खरी गंमत होते. तेव्हा भारताच्या दक्षिण भागावर उंचावरचा वारा चक्क पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो. या पूर्वेकडच्या जेटचा अभ्यास आपल्याच पी. कोटेश्वरम या हवामानशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये मांडला. त्याचा मुख्य झोत विमानांच्याही वर, 14-15 किलोमीटरवर असतो, पण खालीही त्याची ओढ लागते. म्हणजे गणपतीला येणाऱ्या भावाच्या विमानाला बरीचशी वाट वारा पाठीवर आणि मुंबई जवळ आली की तोच तोंडावर.

हे दाभोळच्या अंगणातूनही दिसतं. पाऊस जरा उघडला की वर बघायचं, खालचे काळे ढग समुद्रावरून डोंगराकडे धावत असतात आणि त्यांच्या फटीतून दिसणारे पिसासारखे पांढरे ढग अगदी सावकाश समुद्राकडे सरकत असतात. मावशीला दाखवलं, ती हातातलं सूप तसंच धरून बराच वेळ वर बघत राहिली.