बर्लिनला निघण्याआधी: लोखंडी चेहऱ्यांबद्दल आणि पत्त्याबद्दल

आमच्या बर्लिन सहलीला निघणारे निम्मे लोक फोनवर एकच विचारतात, "ज्यू संग्रहालयातल्या त्या चेहऱ्यांवर खरंच पाय द्यायचा का हो?"

इस्रायली शिल्पकार मेनाशे कादिशमान यांची ती कलाकृती. नाव 'शालेखेत', म्हणजे पानगळ. जाड लोखंडी पत्र्यातून कापलेले दहा हजारांहून जास्त चेहरे जमिनीवर पसरलेत, तोंडं उघडी. नाझींनी मारलेल्या ज्यूंबरोबरच युद्धात आणि हिंसेत बळी गेलेल्या सगळ्यांनाच कादिशमान यांनी ती अर्पण केली आहे. चालायची परवानगी आहे, त्यासाठीच ती तशी मांडली आहे. पाऊल पडलं की पत्र्यावर पत्रा आपटतो आणि उघड्या काँक्रीटच्या उंच भिंतींमध्ये तो आवाज घुमत राहतो.

आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात, तेव्हा पाऊल उचलत नाही हे आम्हाला कळतं. आम्ही आग्रह करत नाही. काठावर उभे राहा, दुसऱ्यांच्या पावलांचा आवाज तिथेही पोचतो. मात्र आदर म्हणून बूट काढू नका. पत्रे हलतात, कडा लागतात. गुडघेदुखी असेल तर काठावरूनच पाहा. दालनात हीटर नाही, थंडीत स्वेटर अंगावरच ठेवा.

आता वेळ खाणारी चूक. खरेदी उरकून परस्पर येणारी मंडळी टॅक्सीवाल्याला नुसतं "लिंडन" सांगतात आणि 'उंटर डेन लिंडन' या हमरस्त्यावर उतरतात. संग्रहालय आहे 'लिंडनश्ट्रासे'वर. काहीजण "होलोकॉस्ट मेमोरियल" म्हणतात, मग टॅक्सी ब्रांडेनबुर्ग दरवाज्याजवळच्या २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांपाशी जाते, ते ज्यू हत्याकांडाचं वेगळं स्मारक. तिथून संग्रहालय चांगलं दोन किलोमीटर. मागच्या वेळी पाचजणांसाठी सगळे पाऊण तास खोळंबले आणि तो वेळ शिल्पं बघण्यातूनच गेला.

उंटर डेन लिंडनवर आम्ही सकाळीच नेतो, 'नॉये वाखे' या युद्धबळींच्या स्मारकात. एका शिल्पासाठी अर्धा तास कशाला, असं विचारतात. आत मोकळ्या दालनात एकच आई बसलेली आहे, मेलेल्या मुलाला कवटाळून. जर्मन शिल्पकार केटे कोल्वित्झ यांचं हे शिल्प. त्यांचा धाकटा मुलगा पेटर १९१४ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. मूळ शिल्प दीड फुटाहूनही लहान, १९९३ पासून इथे त्याची मोठी प्रत आहे. वर छताला गोल झरोका, उघडाच. पाऊस असेल तर त्या आईच्या डोक्यावरून पाणी ओघळताना दिसतं. हा अर्धा तास आम्ही कमी करणार नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला पत्त्याचं कार्ड देतो: ज्यू संग्रहालय, लिंडनश्ट्रासे ९-१४. टॅक्सीत तेच दाखवा. दारावर सामानाची तपासणी होते, म्हणून पंधरा मिनिटं आधी पोचा. आमच्याबरोबर न येता घरचे मिळून जाणार असाल, तरी ऑफिसातून कार्ड घेऊन जा, पैसे नाहीत.